व्हिएतनाम-कंबोडियाला डॉलर न्यायचे की तिकडचे पैसे इथूनच घेऊन जायचे?

रावपुऱ्याची सून

नमस्कार मंडळी. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनाम आणि कंबोडिया करतोय, अहमदाबादहून हनोई, मग होई आन, तिथून सिएम रीप आणि हनोईवरूनच परत. घरातले पाच जण आहोत, आई-बाबा म्हणजे सासू-सासरे, आम्ही दोघं आणि सहावीतली लेक. तिकिटं झाली, हॉटेलं झाली, आता पैशांवर घोडं अडलंय.

काल सयाजीगंजात एका फॉरेक्सवाल्याकडे गेले होते. तो म्हणाला डाँग, म्हणजे व्हिएतनामचे पैसे, इथूनच घेऊन जा, १ रुपयाला २५५ देतो, तिकडे डॉलर दाखवलेत तर कोणी हात लावणार नाही. मी फोनवर बघितलं तर रेट ३०० च्या जवळ. विचारलं तर म्हणे मॅडम तो नुसता बघायचा रेट असतो, मिळत कोणाला नाही. तिथून दुसऱ्याकडे गेले तर तो म्हणे डाँग कशाला घेता, डॉलर घ्या, डॉलर जगात कुठेही चालतो. दोघंही दुकान मांडून बसलेले, खरं कोणाचं धरायचं?

त्यात घरात दोन पक्ष. बाबांना सगळे पैसे रोख हवेत, कार्ड मशीननं गिळलं तर परक्या देशात कोणाकडे तोंड वर करून जायचं असं त्यांचं म्हणणं. नवरा म्हणतो कॅश नकोच, सगळीकडे कार्ड चालतं. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं आणि म्हणूनच ठरत नाहीये. वरखर्चाला दीड लाखाच्या आसपास धरलेत, जेवणखाण, टॅक्सी, तिकिटं, थोडी खरेदी. जाऊन आलेल्यांनी सांगा प्लीज.

निवृत्त अलकापुरीकर

सूनबाई, ३१ वर्षं बँकेत काढली आणि त्यातली ९ फॉरेक्सच्या टेबलावर, म्हणून जरा लांबण लावतो, वाचून घ्या.

आधी तो २५५ चा हिशोब करू. ५०,००० रुपयांचे डाँग ३०० च्या भावानं दीड कोटी होतात, २५५ नं १ कोटी साडेसत्तावीस लाख. फरक साडेबावीस लाख डाँग, म्हणजे आपले साडेसात हजार रुपये. शेकडा १५ बट्टा, म्हणजे पैसे बदलण्यातली कापाकापी, झाला हा, आणि तो तुम्ही विमानात बसायच्या आधीच भरून मोकळ्या. पूर्ण ३०० कोणालाच मिळत नाही हे त्याचं खरं आहे, पण ३०० आणि २५५ च्या मध्ये बरीच जागा असते.

असं का होतं ते समजून घ्या म्हणजे पुढे कुठल्याही देशाला जाताना कोणाला विचारावं लागणार नाही. खंडेराव मार्केटात बटाटा रोज खपतो म्हणून बटाट्यावर भाजीवाला थोडं सुटलं तरी खूश असतो, पण तुम्ही त्याला ब्रोकोली आणायला सांगितली तर ती विकली न गेल्याचा धोकाही तो तुमच्याच भावात धरतो. बडोद्यात डॉलर हा बटाटा आहे. अर्धं शहर अमेरिकेला जातं-येतं, नोटा रोज आत येतात, रोज बाहेर जातात. डाँगला गिऱ्हाईक महिन्यातून चार. तिकडे हनोईतही डॉलर रोजचाच माल, त्यामुळे त्यांच्याकडेही तो घेताना फार कापत नाहीत. म्हणून रुपयाचा डॉलर आणि डॉलरचा डाँग असे दोनदा पैसे बदलले तरी दोन बारीक बट्टे मिळून तुमच्या त्या एका जाड बट्ट्यापेक्षा खूप कमी पडतात. लोक म्हणतात दोनदा बदलू नका, नुकसान होतं. किती वेळा बदललं ते नका मोजू, कुठे बदललं ते बघा.

माझे आजोबा दांडिया बाजारात राहायचे, ते बाबाशाही रुपयाच्या गोष्टी सांगायचे. गायकवाडांचा स्वतःचा शिक्का होता, बडोद्यात चालायचा, पण हद्दीबाहेर व्यवहार करायचा तर सराफाकडे जाऊन इंग्रजी रुपये करून घ्यायचे आणि सराफ बट्टा कापायचा. पुढे सयाजीराव महाराजांच्या काळात बाबाशाही बंद होऊन इंग्रजी रुपयाच आला तेव्हा तो बट्टा सुटला. पैसा हद्द ओलांडतो तेव्हा मध्ये कोणीतरी बसलेला असतो, एवढं तेव्हापासून डोक्यात पक्कं आहे.

आता नियम. एका माणसाला एका प्रवासात ३००० डॉलरपर्यंत नोटा नेता येतात, काही मोजके देश सोडून सगळीकडे हाच आकडा, त्यावरचं कार्डावर न्यायचं. पासपोर्ट, पॅन, तिकीट लागेल, एक फॉर्म भरून घेतात. पैसे चेकनं किंवा बँकेतून ट्रान्सफर करा, रोख रुपये देऊन ५०,००० च्या आतच मिळतं. पावती घ्याच, पावती देत नाही त्याच्याकडून १०० डॉलरही घेऊ नका. परत आल्यावर २००० डॉलरपर्यंत घरात ठेवता येतात, त्यावरच्या नोटा १८० दिवसांत परत करायच्या.

आणि सूनबाई, हनोईवरून परत येताय म्हणजे व्हिएतनाममध्ये दोनदा शिरणार. व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना? पैशांचं नंतर बघा, आधी ते बघा.

कारेलीबागवाला

एवढं कशाला, रुपयेच न्या सरळ. मी बँकॉकला आपल्या ५०० च्या नोटा दिल्या आणि बात घेतले, रेट चांगला मिळाला, डॉलरची भानगडच नाही.

निवृत्त अलकापुरीकर

बँकॉकची गोष्ट वेगळी, तिथे आपली माणसं इतकी जातात की रुपया तिथला बटाटा झालाय. हनोईत किंवा सिएम रीपला तसा भाव मिळेल या भरवशावर जाऊ नये. शिवाय देशाबाहेर जाताना जवळ रुपये २५,००० पर्यंतच ठेवता येतात. परतल्यावर अहमदाबादहून बडोद्याला यायच्या टॅक्सीपुरते ठेवा.

ग्वाल्हेरची लेक

ताई, मी ग्वाल्हेरची, सध्या बडोद्यात. आम्ही मागच्या वर्षी हेच दोन देश केले, उलट्या क्रमानं. एक गोष्ट आधीच सांगते, हे दोन देश पैशांच्या बाबतीत अगदी उलटे आहेत, म्हणून तुम्हाला दोघांनी दोन टोकाचं सांगितलं, आणि दोघांचंही अर्धं अर्धं खरं आहे.

व्हिएतनाममध्ये कायद्यानंच भाव डाँगमध्ये लावायचा आणि डाँगमध्येच घ्यायचा. टूरवाले, हॉटेलवाले तोंडानं डॉलरचा आकडा सांगतात कधीकधी, आणि डॉलर दिले तर घेतातही, पण मग हिशोब ते त्यांच्या मनाच्या रेटनं करतात. म्हणून डॉलर न्या पण दुकानात खर्च करू नका, बँकेत नाहीतर परवाना असलेल्या काउंटरवर बदला आणि मग डाँग वापरा. जुन्या हनोईत सोन्याच्या दुकानांतून पैसे बदलून देतात, रेट चांगला असतो असं सगळे सांगतील, पण परवाना असेल तिथेच जा. २०१८ मध्ये कॅन थो शहरात एका माणसानं फक्त १०० डॉलर परवाना नसलेल्या सोन्याच्या दुकानात बदलले तर त्याला ९ कोटी डाँगचा दंड ठोठावला होता. नंतर माफ केला, पण आई-बाबांना बरोबर घेऊन कशाला तो ताप.

कंबोडियात मात्र डॉलर हा जवळजवळ तिथलाच पैसा आहे. मेन्यूवर डॉलर, टुकटुकवाला डॉलरच सांगणार, एटीएममधून पण डॉलर निघतात. याच्यामागे वाईट इतिहास आहे. १९७५ मध्ये ख्मेर रूज म्हणजे तिथले कट्टर कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि त्यांनी देशातून पैसाच रद्द केला, राष्ट्रीय बँकेची इमारत उडवून दिली. तिथलं चलन रिएल परत आलं ते १९८० मध्ये, पण लोकांचा विश्वास बसायला वेळ लागतो ना. मग १९९२-९३ ला संयुक्त राष्ट्रांची हजारो माणसं निवडणुका घ्यायला आली, त्यांचे पगार डॉलरमध्ये, खर्च डॉलरमध्ये, तो डॉलर तिथे रुजला तो रुजलाच. आमच्या गाइडच्या आईनं म्हणे ते बिनपैशाचे दिवस बघितले होते, तो सांगताना थांबला होता मध्येच, आम्ही पण काही विचारलं नाही पुढे.

तिथे अमेरिकन नाणी चालत नाहीत, डॉलरच्या खालचं सगळं रिएलमध्ये, १ डॉलरचे साधारण ४००० रिएल. म्हणजे बिल साडेसहा डॉलर झालं आणि तुम्ही १० ची नोट दिली तर ३ डॉलर आणि २००० रिएल परत येतील. पहिल्यांदा गोंधळ होतो, दुसऱ्या दिवशी सवय होते.

आता नोटांबद्दल, हे मी जीव तोडून सांगते. सिएम रीपच्या बाजारात एका मुलीकडून आंबे घेतले, २० ची नोट दिली. तिनं ती दोन्ही हातांनी उजेडाकडे धरली, कडेवरून बोट फिरवलं आणि एका जागी नख ठेवून मला दाखवलं. तांदळाच्या दाण्याएवढी फट होती तिथे. नो, म्हणाली, आणि अगदी नम्रपणे परत दिली. ती नोट पुढे कुठेच चालली नाही, पूर्ण ट्रिप पर्समध्ये फिरली आणि इकडे येऊन परत केली. इथे घेताना मी मोजल्या फक्त, उलटसुलट करून बघितल्या नव्हत्या. तुम्ही एकेक नोट बघून घ्या, फाटलेली, शिक्का मारलेली, पेनानं आकडा लिहिलेली घेऊच नका, तो कुरकुर करेल, करू दे. १०० ची निळ्या पट्टीवाली नवीनच मागा, २०१३ पासूनची. आणि तिकडे सुट्टे परत घेतानाही हीच तपासणी करा, कारण त्यांना न चाललेली नोट आपल्याच हातात येते.

सुभानपुरा ९३

कार्डवाल्या पक्षाकडून मी लिहितो. तुमच्या मिस्टरांचं चुकलेलं नाही पण व्हिएतनाममध्ये फुटपाथवरच्या छोट्या स्टुलावर बसून फो, म्हणजे तिथलं नूडल्सचं सूप, खाणार असाल तर तिथे कार्ड नाही चालणार, तिथे आपल्या कमाटीबागेसमोरच्या सेव-उसळीच्या लारीसारखाच मामला आहे, तिकडच्या लोकांचा क्यूआर असतो पण तो त्यांच्या बँकांचा. यूपीआय सिंगापूर, दुबई, श्रीलंका, नेपाळ, भूतान अशा ठिकाणी काही दुकानांत चालतं म्हणून इकडे पण चालेल असं धरून जाऊ नका. हॉटेल, मॉल, मोठं रेस्टॉरंट, तिथे कार्ड.

पण कार्ड वापरताना एक बटण असतं ज्यात माझे पैसे गेले. दा नांगला हॉटेलचं बिल ४२ लाख डाँग झालं, म्हणजे चौदा हजार रुपये धरा. मशीनवर आलं, रुपयात भरणार की डाँगमध्ये, आणि रुपयाचा आकडा पण समोर दाखवला, १४,७०० च्या वर. मला वाटलं रुपयात बरं, आकडा कळतोय, दाबलं. सातशे रुपये त्या बटणाचे, आणि वरून माझ्या बँकेनं स्वतःचा चार्ज लावला तो वेगळाच. तेव्हापासून कुठेही विचारलं की तिथलाच पैसा निवडतो, डोळे मिटून. एटीएमवर पण हेच येतं, पैसे निघायच्या आधी स्क्रीनवर रेट दाखवून हो-नाही विचारतात, तिथे नाही दाबायचं. नाही दाबलं की पैसे निघणार नाहीत असं वाटतं, निघतात, फक्त हिशोब तुमची बँक करते. आणि कधीकधी काउंटरवरचा माणूस न विचारता रुपये निवडून मशीन तुमच्या हातात देतो, तेव्हा पिन टाकायच्या आधी आकड्याशेजारी काय लिहिलंय ते वाचा. रुपये दिसले तर कॅन्सल करायला सांगा, करतात निमूट.

फॉरेक्स कार्ड देतील तुम्हाला डॉलर भरून. कंबोडियासाठी एकदम मस्त, पण व्हिएतनाममध्ये डाँगचं बिल आलं की डॉलरचे डाँग करायचा क्रॉस करन्सी चार्ज लागतो, तो किती ते घ्यायच्या आधी विचारा, बहुतेक जण विचारतच नाहीत. साध्या क्रेडिट कार्डावर मार्कअप, म्हणजे परदेशी खर्चावर बँक वरून लावते तो चार्ज, साधारण २ ते साडेतीन टक्के आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. काही कार्डांना मार्कअप नसतो, घरात कोणाकडे असेल तर तेच मोठ्या बिलांना काढा.

आणि कार्डांचं परदेशातलं वापरणं अ‍ॅपमध्ये जाऊन चालू करा, २०२० पासून नवीन कार्डांवर ते बंदच येतं. हे इथे घरी बसून करा, तिकडे जाऊन ओटीपी येत नाही आणि मग माणूस रडकुंडीला येतो.

रावपुऱ्याची सून

बापरे केवढी मदत! काका, तुमचे आभार कसे मानू, व्हिसा उघडून बघितला तर सिंगल एंट्री निघाला. पाचही जणांचे. एजंटला फोन केला तर म्हणे तुम्ही सांगितलं नव्हतं. २५ डॉलरवाले केलेत, आता ५० वाले नवीन करावे लागणार. पैसे गेले पण विमानतळावर कळलं असतं तर काय केलं असतं, नुसत्या विचारानं घाम फुटला.

अजून दोन शंका. हनोईला रात्री साडेअकराला उतरतोय, जवळ डाँग एक पण नसणार, मग टॅक्सीचं काय? आणि आईंना देवळांत, बाजारात स्वतःच्या हातानं पैसे द्यायला आवडतं, त्यांना त्या इतक्या शून्यांचा गोंधळ होईल याची मला काळजी वाटते, त्यांना कोणी फसवलं तर त्या मनाला लावून घेतात.

इंदूरच्या काकू

अगं मुली, मी इंदूरची, वय ६६, तुझ्या सासूबाईंच्याच पंगतीतली, तर त्यांच्या बाजूनं मी सांगते.

टॅक्सीची काळजी नको. हनोईच्या विमानतळावर बँकांचे काउंटर असतात, आम्ही रात्रीच उतरलो होतो आणि उघडे होते. एरवी विमानतळावर पैसे बदलू नये म्हणतात ते खरंच आहे, पण आम्हाला तिथे शहरापेक्षा काही फार कमी मिळालं नाही. १०० डॉलर बदल, बास, बाकीचे दुसऱ्या दिवशी सकाळी. टॅक्सी हॉटेलला सांगून ठेवलीस तर सगळ्यात उत्तम, म्हातारी माणसं बरोबर आहेत, रात्री घासाघीस कशाला.

आता शून्यांचं. होई आनला नदीवर संध्याकाळी कागदाचे कंदील सोडतात, इतकं सुंदर दिसतं ते, सगळं पाणी दिव्यांनी भरलेलं. मी एका म्हातारीकडून कंदील घेतला, २०,००० चा. अंधार होता, मी निळी नोट काढून दिली आणि पुढे निघाले. ती म्हातारी माझ्यामागे चालत आली, हात धरला आणि माझी नोट माझ्या हातात परत ठेवली. बघते तर ५ लाखाची! २०,००० पण निळी आणि ५ लाख पण निळी, आणि हो ची मिन्हचं चित्र तर सगळ्याच नोटांवर. २०,००० म्हणजे आपले ६५-७० रुपये, ५ लाख म्हणजे साडेसोळाशेच्या वर. ती बाई किती गरीब असेल, तरी परत द्यायला आली. पण आदल्या दिवशी टॅक्सीत अशीच एक नोट गेली असणार, कारण हिशोब लागत नव्हता तो तिथे लागला. त्या टॅक्सीवाल्यानं नाही दिली परत.

मग त्या रात्री मी काय केलं, दोन बटवे केले. एकात ५ लाख आणि २ लाखाच्या नोटा, तो पोटाशी. दुसऱ्यात ५०,००० आणि खालच्या, तो हातात. सासूबाईंना हातातला एकच दे. आणि त्यांना सांग की शेवटची तीन शून्यं अंगठ्यानं झाकायची आणि उरलेला आकडा वाचायचा, तिकडे बाजारात लोकही बोलताना तसंच बोलतात, ५० म्हणाले की ५०,०००. झाकून उरलेल्या आकड्याची तिप्पट केली आणि वर थोडे धरले की रुपये, म्हणजे ५० चे दीडशे आणि वर पंधरा-वीस. मला एका दिवसात जमलं, त्यांनाही जमेल.

आणि सगळे पैसे एका माणसाकडे देऊ नकोस, पाच जणांत वाट. सासरेबुवांना रोख हवेत ना, मग त्यांच्याकडे डॉलरचा एक गठ्ठा दे, कापडी पिशवी शिवून, शर्टाच्या आत. त्यांनाही बरं वाटेल आणि पैसेही सुरक्षित राहतील. माझ्या यजमानांचं अगदी तसंच होतं.

ग्वाल्हेरची लेक

काकूंनी सांगितलेली निळ्या नोटांची गोष्ट खरंच महत्त्वाची आहे. आणि ताई, अंगकोरचं तिकीट मोठा खर्च आहे, एका दिवसाचं ३७ डॉलर, तीन दिवसांचं ६२, तुम्ही चार मोठे म्हणजे तीन दिवसांचे २४८ होतील. तिथे कार्ड चालतं, कॅश वाचवा. लेक १२ च्या आतली आहे ना, मग तिला तिकीटच नाही, फक्त पासपोर्ट बरोबर ठेवा, बघायला मागतात. बाबांना सांगा की अंगकोर वाटच्या डागडुजीला १९८६ ते १९९३ आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं होती, देशात लढाई चालू असताना. माझ्या बाबांना हे कळल्यावर ते त्या दगडांकडे वेगळ्याच नजरेनं बघत होते.

रावपुऱ्याची सून

ठरलं मग. १००० डॉलर रोख घेतेय, त्यात १०० च्या पाच, बाकी २०, १०, ५ आणि १ च्या, एकेक नोट उजेडात बघून. डाँग इथून शून्य. उरलेलं दोन वेगवेगळ्या बँकांच्या कार्डांवर, एक नवऱ्याकडे एक माझ्याकडे. बाबांना सांगितलं तर ते पहिल्यांदा गप्प बसले आणि मग म्हणाले पिशवी मला दोन कप्प्यांची शिव. आई आत्ताच अंगठा ठेवून आकडे वाचायची प्रॅक्टिस करताहेत, लेकीनं कागदावर नोटा काढून दिल्यात, दोन्ही निळ्या पण रंगवल्यात.

शेवटचं एकच, परत येताना डाँग आणि रिएल उरले तर इथे कोणी घेतं का?

ग्वाल्हेरची लेक

रिएल कोणीच घेत नाही, ते सिएम रीपलाच संपवा, शेवटच्या दिवशी टुकटुकवाल्याला किंवा हॉटेलात खोली आवरणाऱ्या बाईला द्या. डाँग हनोईच्या विमानतळावर बाहेरच्या काउंटरला परत डॉलर करून घ्या, आत गेल्यावर शोधत बसावं लागतं. पहिल्यांदा बदलल्याची पावती जपून ठेवा, आमच्याकडे मागितली होती. तिकडे जाता-येता वेळ किती आहे तेही बघा, आमचा कनेक्शनला दीड तासच होता आणि १२ लाख डाँग तसेच घरी आले, अजून कपाटात आहेत. तुम्ही पुढच्या महिन्यात निघताय तर बडोद्यातच आहे मी, बोर्डवरचा रेट असेल त्या भावानं घेऊन जा माझ्याकडून, रात्रीच्या टॅक्सीचं तर नक्की होईल.